शर्यतीकडे परतताना दुखणारे पाय आणि फोम रोलर: एका हौशी धावपटूचे परीक्षण

मोठ्या खंडानंतर पुन्हा शर्यतीत उतरू पाहणाऱ्या हौशी धावपटूची खरी परीक्षा दमाची नसते, पायांची असते. काही आठवडे नियमित सराव केला की हृदय आणि फुप्फुसे बऱ्यापैकी सावरतात, श्वास लयीत येतो आणि जुना वेग पुन्हा हाताशी आल्यासारखा वाटू लागतो. स्नायू, कंडरा आणि हाडे मात्र धावण्याचे आघात नव्याने पेलायला शिकण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक वेळ घेतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर पायावर येतो आणि पोटरीतल्या आतल्या थरातील सोलिअस या स्नायूला तर वजनाच्या ६ ते ८ पट भार पेलावा लागतो. म्हणूनच दम ‘अजून पळ’ म्हणत असताना मांड्या आणि पोटऱ्या जिने उतरायलाही तयार नसतात, अशी स्थिती परतीच्या काळात वारंवार येते. माझ्या १० किलोमीटरच्या आणि त्यानंतरच्या अर्ध मॅरेथॉनच्या तयारीत या दुखण्यावरचा उपाय म्हणून मी फोम रोलर, म्हणजे दुखरा स्नायू वर टेकवून मागे-पुढे सरकण्याचा फोमचा दंडगोल, नियमित वापरला. हे परीक्षण त्या वापरावर आणि या साधनाविषयी झालेल्या संशोधनावर आधारलेले आहे.

मी वापरतो तो रोलर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब आणि १४ सेंटीमीटर व्यासाचा आहे. आत टणक प्लॅस्टिकची पोकळ नळी, तिच्यावर ईव्हीए या लवचीक प्लॅस्टिकच्या फोमचा दाट थर आणि त्या थरावर काही ठिकाणी सपाट पट्टे, काही ठिकाणी उंचवटे अशी त्याची बांधणी आहे. याच बांधणीचे रोलर अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्यातला फरक मुख्यतः फोमच्या कठीणपणाचा आणि उंचवट्यांच्या नक्षीचा असतो. त्यामुळे पुढे जे म्हणतो आहे ते एका ब्रँडविषयी नसून या प्रकाराविषयी आहे. पूर्ण फोमचे, आतून भरीव आणि मऊ रोलरही मिळतात. त्यांपैकी पांढऱ्या हलक्या फोमचे रोलर काही महिन्यांच्या वापरानंतर मधोमध दबतात आणि त्यांचा गोलाकार बिघडतो, हा त्यांचा मोठा दोष आहे. पोकळ नळीच्या रोलरच्या बाबतीत ही तक्रार उद्भवत नाही. माझ्या रोलरचा आकार आणि कठीणपणा आजही पहिल्यासारखाच आहे. घामाचे डाग ओल्या फडक्याने पुसले की निघतात, एवढीच त्याची निगा.

या साधनाकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवण्याआधी पाय दुखतात म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक जाहिराती इथेच दिशाभूल करतात. धावल्यावर पायात लॅक्टिक ॲसिड साचते आणि रोलरने ते ‘बाहेर काढता’ येते, असे आजही सर्रास सांगितले जाते. वास्तविक जोरकस व्यायामात रक्तातील लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचेच शरीरातील रूप, वाढते ते साधारण तासाभरात पूर्ववत होते, आणि आपल्याला छळणारा ठणका तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचतो. उशिरा येणाऱ्या या दुखण्याचे वर्णन थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच केले होते आणि त्याचा संबंध स्नायूंच्या आतल्या इजेशी जोडला होता. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सपाट ट्रेडमिलवर आणि काहींना उतारावर धावायला लावले गेले. सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण त्यांचे पाय नंतर विशेष दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही, तरीही पुढचे काही दिवस पाय दुखले ते त्यांचेच. स्नायू लांबत असताना त्याला भार रोखून धरावा लागतो तेव्हा त्याच्या तंतूंमध्ये सूक्ष्म पातळीवर मोडतोड होते, त्यानंतर दाह सुरू होतो आणि वेदनेच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला नेमके हेच ब्रेक लावण्याचे काम करावे लागते. शर्यतीत उतार आला की परतलेला धावपटू वेळ भरून काढण्यासाठी वेग वाढवतो आणि त्याची किंमत दोन दिवसांनी मांड्या वसूल करतात, त्याचे कारण हेच आहे.

तेव्हा रोलर काहीही ‘बाहेर काढत’ नाही आणि तुटलेले तंतूही जोडत नाही. मग तो करतो तरी काय? माझ्या मते त्याचे मोल ठरते ते याच प्रश्नाच्या उत्तरावर. २०१३ मधील एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूंवर एकेक मिनिट असे दोनदा रोलर फिरवल्यानंतर गुडघा वाकण्याची मर्यादा सुमारे १० अंशांनी वाढली आणि स्नायूंची ताकद मात्र कमी झाली नाही. २०१९ मध्ये अशा २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. व्यायामानंतर रोलर वापरल्याने वेदनेची जाणीव सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते, आणि व्यायामापूर्वी वापरल्यास लवचीकपणा सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. हे आकडे लहान आहेत. शिवाय एका पायावर रोलर फिरवला असता दुसऱ्या, स्पर्शही न झालेल्या पायाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. यावरून परिणामाचा मोठा भाग स्नायूत नसून मज्जासंस्थेत घडत असावा, असे मानायला चांगला आधार मिळतो: दाबाची संवेदना मिळाल्यावर मेंदू वेदनेचा आवाज काहीसा खाली आणतो आणि स्नायूला जरा सैल सोडतो.

सहा टक्के म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल, आणि प्रयोगशाळेतला आकडा म्हणून ते खरेही आहे. पण परतीच्या काळात खुर्चीतून उठताना, जिना उतरताना किंवा दुसऱ्या दिवशीच्या हलक्या धावेची पहिली पाच मिनिटे ओलांडताना हा थोडासा दिलासा निर्णायक ठरू शकतो, असा माझा अनुभव आहे. रोलर वापरल्यानंतरच्या अर्ध्या-एक तासात चाल मोकळी होते, पाऊल अवघडून पडत नाही आणि हलकी हालचाल करावीशी वाटते. आणि ती हलकी हालचाल, म्हणजे चालणे, सावकाश सायकल चालवणे, अगदी संथ धावणे, हीच दुखऱ्या पायांसाठी सर्वात उपयोगी गोष्ट आहे. रोलर मला त्या हालचालीपर्यंत पोहोचवतो, म्हणून मी त्याला चांगले गुण देतो.

वापराच्या पद्धतीवर फार काही अवलंबून असते. मांडीच्या पुढच्या भागासाठी पालथे झोपून, कोपरांवर शरीर तोलून, रोलर मांडीखाली घ्यावा आणि खुब्याच्या थोडे खालपासून गुडघ्याच्या थोडे वरपर्यंत अतिशय सावकाश सरकावे. एका सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर हा वेग योग्य वाटतो. एका भागाला ३० ते ६० सेकंद दिले की पुरे होते. जिथे विशेष दुखते तिथे थांबून दोन-चार श्वास घ्यावेत, गुडघा हळूहळू वाकवावा आणि सरळ करावा, आणि पुढे सरकावे. दाब इतकाच असावा की श्वास रोखून धरावा लागणार नाही. ‘जितके जास्त दुखेल तितका जास्त फायदा’ ही समजूत धावपटूंमध्ये खोलवर रुजली आहे आणि ती मोडून काढणे गरजेचे आहे, कारण आधीच दाह असलेल्या स्नायूवर अतिरिक्त दाब दिला तर स्नायू सैल पडण्याऐवजी आवळतो आणि काही वेळा निळे डागही पडतात. त्यासाठीच उंचवटे असलेल्या रोलरपेक्षा गुळगुळीत किंवा सपाट पट्ट्यांचा रोलर मी नवख्यांना सुचवेन. माझ्या रोलरवरचे अरुंद उंचवटे शर्यतीनंतरच्या दोन दिवसांत वापरण्याजोगे नाहीत. त्या काळात मी रोलर फिरवून त्याची सपाट बाजूच स्नायूखाली येईल असे पाहतो.

पोटऱ्यांच्या बाबतीत हे साधन थोडे कमी पडते. जमिनीवर बसून, हात मागे टेकून पोटरी रोलरवर ठेवली तरी केवळ पायाच्या वजनाने पुरेसा दाब पडत नाही. दुसरा पाय वर ठेवून कंबर उचलली तर दाब वाढतो, पण सगळा भार मनगटांवर आणि खांद्यांवर येतो. ज्यांची मनगटे नाजूक आहेत त्यांना हे जमणार नाही. यावर चांगला उपाय म्हणजे रोलर एखाद्या ठेंगण्या बैठकीवर किंवा पलंगाच्या कडेला ठेवून त्यावर पोटरी टेकवणे आणि पाऊल घोट्यातून वर-खाली हलवणे. असे केल्याने वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस आणि त्याखालचा सोलिअस या दोन्ही स्नायूंना आधार मिळतो आणि हातांवर ताण येत नाही. गुडघ्यामागची खोलगट जागा पूर्णपणे टाळावी, कारण तिथून महत्त्वाच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू त्वचेच्या बऱ्याच जवळून जातात. नडगीच्या हाडावर आणि कमरेच्या खालच्या भागावरही रोलर फिरवू नये.

मांडीच्या बाहेरच्या बाजूने खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा जो जाड पट्टा असतो, त्या आयटी बँडविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले की धावपटू सर्वात आधी त्या पट्ट्यावर रोलर फिरवतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फिरवतो, आणि पट्टा ‘मोकळा झाला’ असे मानतो. हा पट्टा स्नायू नाही. तो अतिशय चिवट संयोजी ऊतीचा बनलेला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती प्रारूपानुसार अशा ऊतीचा आकार केवळ एक टक्का बदलायलाही हातांनी देता येणाऱ्या दाबापेक्षा खूप मोठा जोर लागतो. म्हणजे रोलरने तो पट्टा लांबत नाही आणि सैलही होत नाही. त्याऐवजी खुब्याच्या बाजूचे आणि नितंबांचे स्नायू, तसेच मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागाचा स्नायू, यांवर रोलर वापरावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुब्याच्या स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. रोलरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात आयटी बँडवर रोलर फिरवण्याचे चित्र ठळकपणे दिले होते, ही माझ्या दृष्टीने या उत्पादनाची सर्वात गंभीर उणीव आहे. साधन चांगले असून त्याच्या वापराचे मार्गदर्शन चुकीचे असेल, तर दोष वापरणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

शर्यतीच्या आधीचा आणि नंतरचा वापर वेगळा ठेवावा. शर्यतीच्या सकाळी मी मांड्या, पोटऱ्या आणि नितंब यांना प्रत्येकी जेमतेम अर्धे मिनिट देतो आणि लगेच उठून हलके धावतो, कारण मिळालेला लवचीकपणा फार काळ टिकत नाही. तो हालचालीत वापरला तरच कामाचा. जुन्या पद्धतीच्या दीर्घ स्थिर स्ट्रेचिंगने स्नायूंची ताकद काही काळ घटू शकते, तशी घट रोलरने होत नसल्याचे अभ्यासांत दिसते, त्यामुळे शर्यतीपूर्वीच्या तयारीत त्याला जागा द्यायला हरकत नाही. शर्यत संपल्यावर मात्र घाई करू नये. पहिल्या काही तासांत चालत राहणे, पाणी आणि अन्न घेणे, झोपेची सोय पाहणे हेच पुरेसे आहे. त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी अगदी हलका दाब, आणि तिसऱ्या दिवसापासून नेहमीचा दाब, हा क्रम मला मानवला आहे.

इतर उपायांच्या तुलनेत रोलर कुठे बसतो? मसाज गनने पोटऱ्यांवर नेमका दाब देता येतो आणि मनगटांवर भार येत नाही, ही तिची जमेची बाजू. पण ती चार्ज करावी लागते, तिचा आवाज असतो आणि हाडाजवळ चुकून लागली तर त्रास होतो. घट्ट मोज्यांनी काहींना शर्यतीनंतरच्या दिवसांत बरे वाटते. वेग वाढतो असे मात्र मला कधी जाणवले नाही. थंड पाण्यात बसल्याने दुखणे कमी होते हे अनेक अभ्यासांच्या आढाव्यात दिसले आहे, पण ताकदीच्या व्यायामानंतर नेहमीच थंड पाण्यात बसल्यास स्नायूंची वाढ आणि ताकद यांवर विपरीत परिणाम होतो, असे २०१५ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणून तो उपाय मी मोठ्या शर्यतीपुरताच ठेवीन. केवळ स्ट्रेचिंगने या प्रकारचे दुखणे फारसे कमी होत नाही, हेही तपासून झाले आहे. वेदनाशामक गोळ्यांबाबत मी आग्रहाने सांगेन की लांब शर्यतीच्या आधी किंवा दरम्यान आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि दुखण्याची सूचना दाबून टाकल्याने इजा वाढण्याचा धोका असतो तो वेगळाच.

रोलरचा मला झालेला एक फायदा कोणत्याही जाहिरातीत नाही. रोज ठराविक वेळी दोन्ही पायांवरून सावकाश रोलर फिरवताना उजव्या-डाव्यातला फरक लगेच कळतो. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील, दुखणे पसरट असेल आणि दिवसागणिक ओसरत असेल, तर ते सरावाचे दुखणे आहे. एकाच पायात, बोटाने दाखवता येईल अशा एका जागी, विशेषतः नडगीच्या हाडावर किंवा पावलात दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला ताणाची इजा झाल्याची शंका घ्यावी; तिथे रोलर लावू नये, धावणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता तातडीने तपासून घ्यावी, आणि तोपर्यंत त्या पायाला मसाजही करू नये. शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायूंचे दुखणे असह्य असेल, तर घरी उपाय करत न बसता लगेच रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच पायांत मोठ्या फुगलेल्या शिरा असणाऱ्यांनी रोलर विकत घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. उत्पादनाच्या वेष्टनावर यांतले काहीच लिहिलेले नव्हते, आणि ते लिहिलेले असायला हवे.

रोलर कितीही चांगला असला तरी दुखणे टाळण्याचे काम सराव करतो. एकदा स्नायूंना विशिष्ट प्रकारचा ताण दिला की पुढचे काही आठवडे तशाच ताणाने त्यांची मोडतोड बरीच कमी होते. स्नायूंचा हा गुण अनेक प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. त्यामुळे शर्यतीच्या मार्गात उतार असतील तर काही आठवडे आधीपासून सरावात थोडे थोडे उतार घ्यावेत आणि शेवटच्या दहा-बारा दिवसांत ते बंद करावेत. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. अर्ध मॅरेथॉनच्या तयारीत मी हे पाळले, आणि शर्यतीनंतरचे दुखणे आधीच्या छोट्या शर्यतीपेक्षा सौम्य होते. त्याचे श्रेय मी रोलरला देणार नाही. ते त्या उतारांच्या सरावाचे आहे.

खरेदी करायचीच असेल तर मध्यम कठीण, पोकळ नळीचा, शक्यतो कमी उंचवट्यांचा रोलर घ्यावा. दोन्ही मांड्या एकदम टेकवायच्या असतील तर ३३ सेंटीमीटरची लांबी अपुरी पडते, त्यासाठी ४५ किंवा ६० सेंटीमीटरचा बरा. पण बाहेरगावच्या शर्यतीला पिशवीत घालून न्यायचा असेल तर लहानच सोयीचा, आणि पोकळ नळीत मोजे व टॉवेल गुंडाळून ठेवता येतात. ज्यांना जमिनीवर बसणे-उठणेच अवघड जाते त्यांनी रोलरऐवजी दोन्ही बाजूंना मुठी असलेली मसाजची काठी घ्यावी, ती खुर्चीत बसून वापरता येते. तळपायासाठी यांपैकी कशाचीच गरज नाही. टेनिसचा चेंडू पुरतो.